तीन माश्यांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

केळ्यांचा घड घरात चार दिवस राहिला, की त्याच्याभोवती बारीक तपकिरी चिलटं घिरट्या घालू लागतात. आपण हातानं वारतो, ती उडतात आणि पुन्हा तिथंच येऊन बसतात. शास्त्रज्ञ त्यांना ड्रॉसोफिला म्हणतात, मराठी पुस्तकांत नाव आहे फळमाशी. इथं आंबा बागायतदारांचा गैरसमज व्हायला नको. जिच्यासाठी बागेत सापळे टांगावे लागतात, जिच्यामुळे २०१४ साली युरोपनं आपल्या हापूसला दार बंद केलं होतं, ती फळमाशी वेगळी, आकारानं मोठी आणि दुसऱ्या कुळातली. मी सांगतोय ती जेमतेम तीन मिलिमीटरची. फळ आंबू लागलं, की त्यावर वाढणाऱ्या यीस्टवर तिचं पोट भरतं.

या एवढ्याशा माशीनं आनुवंशिकतेचं शास्त्र उभं केलं. ते कसं, हे आज सांगायचं आहे. पण सुरुवात माझ्या एका लबाडीपासून करावी लागेल.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रवा, गूळ आणि अगर शिजवून आम्ही माश्यांचं खाद्य करायचो, ते बाटल्यांत ओतायचो आणि वर कापसाचा बोळा बसवायचो. एका बाटलीत चांगल्या पंखांच्या माश्या आणि खुरट्या पंखांच्या माश्या एकत्र सोडायच्या. पहिल्या पिढीत सगळ्यांचे पंख चांगले निघतात. त्यांची पुढची पिढी जन्मली, की ईथरनं गुंगी आणायची आणि कुंचल्यानं एकेक माशी बाजूला सारत मोजायची. पुस्तकात मेंडेलचा नियम लिहिलेला होता, तीनास एक. म्हणजे चारांतली एक खुरट्या पंखांची. मला त्या दिवशी कंटाळा आला होता. मी मोजल्यासारखं केलं आणि वहीत लिहून टाकलं : चांगले पंख ३००, खुरटे पंख १००.

आमच्या सरांनी वही पाहिली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काय रे, माशीनं पुस्तक वाचलं होतं का?" आणि पानावर लाल रेघ मारून अख्खा प्रयोग पहिल्यापासून करायला लावला. त्यात जवळजवळ महिना गेला. या वेळी खरोखर मोजल्या. चांगले पंख ३१८, खुरटे ८३. मी घाबरत घाबरत म्हणालो, "सर, कमी आल्या." ते म्हणाले, "आल्या त्या लिही. का कमी आल्या, ते नंतर बघू." खुरट्या पंखांच्या अळ्या जरा नाजूक असतात, गर्दीच्या बाटलीत त्यांतल्या काही माशी होण्याआधीच मरतात, हे कारण मला नंतर कळलं. पुढे मीही तीस वर्षं हाच विषय शिकवला. पण फळमाशीचा इतिहास मला समजला तो त्या लाल रेघेमुळे.

आता शंभराहून अधिक वर्षं मागे, न्यूयॉर्कला जाऊ. कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन नावाचे प्राध्यापक होते. १८६६ सालचा त्यांचा जन्म. योगायोग असा, की त्याच वर्षी मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध छापून आला होता. त्या निबंधाकडे पस्तीस वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला आणि युरोप-अमेरिकेत मेंडेलची चलती सुरू झाली. मॉर्गनना मात्र हे पटत नव्हतं. १९०९ साली एका सभेत त्यांनी मेंडेलवाद्यांची चांगलीच टर उडवली. एका घटकानं आकडे जुळले नाहीत तर हे लोक दोन घटक मानतात, दोनांनी जुळले नाहीत तर तीन, असा त्यांचा टोमणा होता. हे घटक पेशीतल्या गुणसूत्रांवर बसलेले असतात, हा विचारही त्यांना मान्य नव्हता. प्रयोगानं दाखवा, मग बोला, असा त्यांचा खाक्या.

त्यांच्या प्रयोगशाळेची खोली सोळा फूट बाय तेवीस फूट. त्यात आठ टेबलं, कोपऱ्यात केळी टांगलेली आणि चहूकडे दुधाच्या बाटल्या. या खोलीला नावच पडलं 'माश्यांची खोली'. फळमाशी निवडण्याचं कारण साधं होतं. ती स्वस्त. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार. एक मादी शेकडो अंडी घालते. गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या. हत्तीवर किंवा माणसावर जे पाहायला शतकं लागतील, ते इथं वर्षभरात दिसतं. तरीही दोन वर्षं मॉर्गनच्या हाती काही लागलं नाही. भेटायला आलेल्या एका मित्राला बाटल्यांच्या रांगा दाखवत, दोन वर्षं फुकट गेली, असं ते म्हणाले होते.

आणि १९१० साली एका बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. या माशीचे डोळे लालभडक असतात. मॉर्गननी त्या नराची लाल डोळ्यांच्या माद्यांशी जोडी लावली. पुढच्या पिढीत लाल डोळ्यांच्या १,२३७ माश्या निघाल्या. त्यांच्या पोटी जी पिढी झाली, तिच्यात लाल डोळ्यांच्या माद्या २,४५९, लाल डोळ्यांचे नर १,०११ आणि पांढऱ्या डोळ्यांचे नर ७८२. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही.

हे आकडे मी मुद्दाम पूर्ण सांगितले. बेरीज करा, ४,२५२ होते. तिचा चौथा हिस्सा हजाराच्या वर जातो. पांढऱ्या डोळ्यांचे निघाले ७८२. तीनास एक हे प्रमाण काही नीट जमलेलं नाही. ज्या मॉर्गननी मेंडेलवाद्यांची आकड्यांवरून टर उडवली होती, त्यांच्याच हाती असे अर्धवट जुळणारे आकडे आले. त्यांनी ते होते तसे छापले. आणखी एक गोष्ट छापली. पहिल्या पिढीत सगळे डोळे लाल हवेत. त्या १,२३७ माश्यांबरोबर तीन नर पांढऱ्या डोळ्यांचे निघाले होते. हजारात तीन! कुणालाही वाटलं असतं, बाहेरची माशी आत शिरली असेल, द्या सोडून. मॉर्गननी निबंधात त्या तीन नरांची नोंद केली.

पांढरे डोळे फक्त नातवांतल्या नरांनाच का? माशीच्या मादीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात. नरात एक एक्स आणि एक वाय. वाय गुणसूत्राचा शोध १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या विदुषीनं एका किड्याच्या पेशींत लावला होता. डोळ्याच्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे असं मानलं, की सारं कोडं सुटतं. मादीकडे दोन एक्स असल्यामुळे एकातलं बिघडलेलं जनुक दुसऱ्यामुळे झाकलं जातं, नराकडे झाकायला दुसरा एक्सच नसतो. माणसांतलं रंगांधत्व किंवा हिमोफिलिया आईकडून मुलाकडे का जातो, त्याचंही उत्तर हेच.

म्हणजे ज्या दोन गोष्टी मॉर्गन नाकारत होते, मेंडेलचे घटक आणि त्यांची गुणसूत्रांवरची जागा, त्या दोन्ही त्यांच्याच माशीनं त्यांच्यासमोर ठेवल्या. गंमत म्हणजे गुणसूत्रांच्या कल्पनेवर शंका घेणारा त्यांचा एक लेख आधीच छापखान्याकडे गेला होता. पांढऱ्या डोळ्यांचा निबंध जुलै १९१० मध्ये आला आणि हा जुना लेख त्यानंतरच्या महिन्यात. वर्षभरात मॉर्गननी आपलं जुनं मत सोडून दिलं आणि त्याबद्दल कधी लाज बाळगली नाही.

माश्यांच्या खोलीत तेव्हा पोरंच काम करत होती. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट अजून पदवीचा विद्यार्थी होता. १९११ साली एका रात्री कॉलेजचा गृहपाठ बाजूला टाकून त्यानं एक्स गुणसूत्रावर कोणतं जनुक कुठं आहे याचा नकाशा काढला. दोन गुण जितक्या वेळा एकमेकांपासून सुटे होतात, तितकं त्यांच्यातलं अंतर जास्त, असा त्याचा हिशेब होता. जनुकांचा जगातला हा पहिला नकाशा. दुसरा मुलगा कॅल्व्हिन ब्रिजेस. तो आला होता बाटल्या धुवायला. धुताना बाटलीच्या जाड काचेतून त्याला डोळ्याचा वेगळा रंग दिसला, तेव्हा मॉर्गननी त्याला मोजणीच्या टेबलावर बसवलं.

याच ब्रिजेसनं पुढे अपवादांचा पाठपुरावा केला. नियमानं जे निघायलाच नको, अशा माश्या अधूनमधून निघतात, त्या का? त्यानं तर्क केला, की अंडं तयार होताना कधीतरी दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांपासून सुटतच नाहीत. एखाद्या अंड्यात दोन्ही जातात, एखाद्यात एकही नाही. हे खरं असेल, तर पांढऱ्या डोळ्यांच्या अपवादात्मक मुलीत दोन एक्सच्या जोडीला एक वाय सापडलं पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर नेमकं तसंच होतं. जनुकं गुणसूत्रांवर असतात याचा हा पक्का पुरावा. १९१६ साली 'जेनेटिक्स' हे नियतकालिक निघालं, तेव्हा पहिल्या अंकातला पहिला लेख ब्रिजेसचा हा होता. मॉर्गनना मिळालेल्या त्या तीन नरांसारख्या माश्यांचाही त्यानं उलगडा झाला. त्या तीन माश्या कुणी वहीतून वगळल्या असत्या, तर कुणाचं काय बिघडलं असतं? तेव्हा कुणाचंच नाही. पण आज आपण जाणतो, की गुणसूत्रं नीट न सुटल्यामुळेच माणसाच्या मुलांत डाऊन सिंड्रोम होतो.

१९३३ साली मॉर्गनना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी त्या रकमेत स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांचाही वाटा ठेवला.

इथपर्यंतची गोष्ट सुखाची आहे. पुढची तशी नाही.

माश्यांच्या खोलीतले तिसरे विद्यार्थी हर्मन मुलर. १९२७ साली टेक्सासमध्ये त्यांनी दाखवून दिलं, की क्ष-किरणांनी माशीच्या जनुकांत बदल, म्हणजे उत्परिवर्तनं, घडवता येतात. मुलर डाव्या विचारांचे. रशियातल्या क्रांतीबद्दल त्यांना मोठी आशा होती. १९२२ साली ते मॉस्कोला गेले तेव्हा सोबत माश्यांच्या बाटल्या घेऊन गेले, आणि त्या बाटल्यांतून तिथं एक उत्तम पिढी तयार झाली. १९३३ साली ते तिथं राहायलाच गेले. बोलावणारे होते निकोलाय वाविलोव्ह, जगभर फिरून पिकांचं बियाणं गोळा करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ.

पण त्याच सुमारास त्रोफिम लायसेंको नावाचा माणूस वर चढत होता. जनुकं वगैरे सगळं भांडवलशाहीचं थोतांड आहे, परिस्थिती बदलली की पिकाचा वंशच बदलता येतो, असं तो सांगे. भुकेल्या देशाला झटपट उत्तर हवं होतं आणि स्टालिनला ते आवडलं. डिसेंबर १९३६ मध्ये मॉस्कोच्या सभेत मुलर उभे राहिले आणि म्हणाले, की ही निवड खगोलशास्त्र आणि फलज्योतिष, रसायनशास्त्र आणि किमया यांच्यातल्या निवडीसारखी आहे. पुढच्या वर्षी त्यांना देश सोडावा लागला. त्यांचे रशियन सहकारी आगोल आणि लेव्हिट यांना गोळ्या घालण्यात आल्या. वाविलोव्हना १९४० साली अटक झाली. ज्यानं देशाला पोटभर धान्य मिळावं म्हणून जगभरचं बियाणं जमवलं, तो माणूस जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीनं मेला.

माझ्या लबाडीची आठवण व्हावी असा एक प्रसंग याच काळातला आहे. लायसेंकोच्या गटातल्या एका संशोधिकेनं १९३९ साली वाटाण्यांचे आकडे प्रसिद्ध केले. प्रत्येक कुटुंबात बरोब्बर तीनास एक येत नाही, कुठं कमी येतं, कुठं जास्त, म्हणून मेंडेल खोटा, असा तिचा दावा. कोल्मोगोरोव्ह या रशियातल्या थोर गणितज्ञानं तेच आकडे घेतले. १९४० साली त्यांनी छापून दाखवलं, की नियम खरा असेल तर आकडे जितके पसरायला हवेत, तितकेच हे पसरले आहेत. म्हणजे मेंडेल खोटा ठरवायला काढलेल्या आकड्यांनी मेंडेल खराच ठरवला. खरी मोजणी कधी साच्यातून काढल्यासारखी येत नाही. माझे ३०० आणि १०० सरांना खटकले ते यासाठीच.

पण सत्तेला गणित ऐकायचं नव्हतं. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोत कृषी अकादमीची सभा भरली. आपलं भाषण पक्षाच्या मध्यवर्ती समितीनं मंजूर केलेलं आहे, असं लायसेंकोनं तिथं जाहीर केलं. त्यानंतर काही जाणत्या शास्त्रज्ञांनी उठून आपली मतं चुकल्याची कबुली दिली. प्रयोगशाळा बंद झाल्या, शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, माश्यांच्या बाटल्या नष्ट करण्यात आल्या. पुढच्या वर्षी एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख आला, त्याचं शीर्षक होतं 'माश्यांवर प्रेम करणारे, माणसांचा द्वेष करणारे'.

त्या सभेत जनुकांच्या बाजूनं उघड बोलणाऱ्यांत इओसिफ रापोपोर्ट होते. युद्धात शौर्य गाजवताना त्यांचा एक डोळा गेला होता. काही रसायनांमुळेही माशीत उत्परिवर्तनं होतात, हे त्यांनी शोधलं होतं. माफी मागा, नोकरी वाचेल, असं वातावरण असताना त्यांनी माफी मागितली नाही. नोकरी गेली, पक्षातून काढलं. १९५७ पर्यंत या माणसानं भूगर्भशास्त्रातली हाती पडतील ती कामं करून संसार चालवला. लायसेंकोची सत्ता संपली ती १९६५ साली. तोवर एका प्रगत देशातलं शास्त्र एका पिढीनं मागं पडलं होतं.

मुलर रशियातून बाहेर पडले ते स्पेनमार्गे एडिंबरोला. आपल्या देशाचा धागा इथं जुळतो. तिथं त्यांच्या हाताखाली एस. पी. राय-चौधरी हे बंगाली तरुण संशोधक काम करत होते. किरणांची तीच एकूण मात्रा एकदम दिली काय किंवा दिवसेंदिवस हळूहळू दिली काय, माशीच्या नरांत उत्परिवर्तनांचं प्रमाण जवळपास तेच राहतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. थोड्याशा किरणांनी काय होतंय, असं म्हणायची सोय त्यामुळे कमी झाली. क्ष-किरणांच्या खोलीत तंत्रज्ञ शिशाचा अंगरखा घालतो, त्यामागच्या विचाराला अशा मोजण्यांचा आधार आहे. राय-चौधरी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि माशीचं काम तिथं रुजलं.

दुसरा धागा थेट मुंबईत येतो. मॉर्गन १९२८ साली आपल्या माश्या आणि माणसं घेऊन कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेत गेले होते. तिथंच १९६०च्या दशकात सीमोर बेंझर यांनी माशीच्या वागणुकीची जनुकं शोधायला सुरुवात केली. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांना रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करायला बोलावलं होतं. सिद्दिकींनी बेंझर यांच्यासोबत, तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि गार झाल्यावर पुन्हा चालू लागणाऱ्या माश्यांवर काम केलं. मग कुलाब्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला. माशीला वास आणि चव कशी कळते? त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी हे काम खूप पुढं नेलं. केळ्याच्या घडापर्यंत चिलट कसं पोचतं, या प्रश्नाच्या उत्तरात मुंबईचाही वाटा आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

पुढचं थोडक्यात सांगतो. २००० साली या माशीचा जनुकसंच वाचून झाला, तेरा हजारांहून थोडी अधिक जनुकं. माणसाच्या रोगांशी संबंध असलेल्या बहुतेक जनुकांची भावंडं तिच्यात सापडतात. आपल्याला रात्री झोप का येते, शरीरातलं घड्याळ कसं चालतं, हे माशीवरून उलगडल्याबद्दल २०१७ साली तिघांना नोबेल मिळालं. आणि २०२४ साली तिच्या मेंदूचा पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. खसखशीच्या दाण्याएवढ्या त्या मेंदूत सुमारे एक लाख एकोणचाळीस हजार चेतापेशी आणि त्यांच्यामधल्या पाच कोटींहून अधिक जोडण्या.

शिकवताना माझ्याकडेही दरवर्षी एकदोन वह्या अशा यायच्या, ज्यात सगळं बरोब्बर तीनास एक असायचं. मी रागावत नसे. मॉर्गनचे ते आकडे फळ्यावर लिहायचो, २,४५९, १,०११, ७८२, आणि खाली कोपऱ्यात तीन. मुलं विचारायची, सर, हे तीन कसले? मग मी ही सगळी गोष्ट सांगायचो, रापोपोर्टपर्यंत. तास संपायचा, पण कुणी उठत नसे.

माझी ती जुनी वही अजून माझ्याकडे आहे. एका पानावर ३०० आणि १००, त्यावर लाल रेघ. दुसऱ्या पानावर ३१८ आणि ८३, त्याखाली सरांची सही.